उसाच्या बिलाला मुदत आहे, लेकराच्या शिष्यवृत्तीला का नाही?



या पत्रिकेत आम्ही एरवी सरी किती फुटांची काढावी, खोडव्याचे बुडखे केव्हा छाटावेत, खताचा हप्ता कधी द्यावा, अशा गोष्टी लिहीत असतो. या खेपेला विषय वेगळा आहे. पण तो उसापासून फार लांबचा नाही. बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशाच्या याद्या फिरू लागल्या, की गट ऑफिसात येणारा सभासद उसाची नोंद झाल्यावरही खुर्चीवरून उठत नाही. थोडं थांबून विचारतो, "साहेब, पोरीचा नंबर नांदेडला लागलाय. फीचं काय करावं?" कोणी कारखान्याकडून उचल मागतो, कोणी सोसायटीचे पीककर्ज फीला भरून मोकळा होतो आणि खत उधारीवर आणतो. मग पावसाळ्यात उसाला हप्ता मिळत नाही, टनेज घटते, आणि आम्ही मात्र बांधावर उभे राहून "खत का टाकलं नाही?" म्हणून विचारतो. शेती खात्याने शिक्षणाच्या पैशाबद्दल लिहायचे कारण हे असे आहे.

सरकारचा पैसा दोन पाटांनी येतो

उच्च शिक्षणावर राज्य सरकार जो खर्च करते तो दोन वाटांनी आपल्यापर्यंत येतो. पहिली वाट संस्थेची. विद्यापीठात आणि अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदांवर काम करणाऱ्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांचा पगार सरकार देते. त्यामुळेच अनुदानित महाविद्यालयातील बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची फी साध्या शेतकऱ्याला झेपेल अशी असते. दुसरी वाट विद्यार्थ्याची. फीमाफी, शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्ता या रूपाने पैसा त्याच्या नावावर येतो.

पहिला मोठा कालवा समजा, दुसरी शेतातली चारी. कालव्याचे पाणी आटले की चारीवर ताण येतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यामुळे जागा वाढल्या हे खरे, पण शिकवण्याचा सगळा खर्च फीवर आला. साध्या महाविद्यालयातही एकाच इमारतीत एक अभ्यासक्रम अनुदानित आणि शेजारचा विनाअनुदानित असतो. दाराला रंग एकच, पावतीवरचा आकडा मात्र निराळा. प्रवेश घेताना "हा अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित?" एवढा एक प्रश्न बापाने विचारला तरी पुष्कळ घोळ टळतो.

प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर वर्ग चालतात, तेव्हा फी कमी असली तरी शिकवणे पातळ होते. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच ६ टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिलेला आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ एकच आकडा पुढे न्यावा लागतो, यावरून काय ते समजावे.

आपल्या भागाने हे कष्टाने मिळवले

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवटीतून मुक्त झाला. तेव्हा आपल्या मुलखात विद्यापीठ नव्हते. उच्च शिक्षणाची वाट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जायची, आणि १९१८ साली निघालेल्या त्या विद्यापीठात शिकवणे उर्दूतून होते. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला अंतर, भाषा आणि पैसा असे तीन डोंगर ओलांडावे लागत.

१९५० साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. त्याच साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय उभे केले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ आले. आणि १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. अहमदपूरचा विद्यार्थी सकाळी एसटीत बसला तर दुपारच्या आत विद्यापीठाच्या खिडकीवर उभा राहू शकतो. आपल्या आजोबांच्या पिढीला हे स्वप्नातही दिसले नसते.

फीच्या सवलतीचाही असाच इतिहास आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढायला सुरुवात केली, कारण गरिबाच्या मुलाचे शिक्षण पुष्कळदा फीपेक्षा भाकरीपाशी अडते हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा व शिका' हा मार्ग दाखवला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे. महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास वर्षाला १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना 'ई.बी.सी.'ची फीमाफी मिळू लागली. आज जे सरपंच, मास्तर, डॉक्टर साठी-सत्तरीत आहेत, त्यांतले कितीतरी जण या ई.बी.सी.वर शिकले.

आपल्या शेतातले बेणेही त्याच पैशाचे

कोणी म्हणेल, "आमचं लेकरू कॉलेजात नाही, आम्हाला विद्यापीठाच्या पैशाचं काय?" त्यांनी आपल्या फडाकडे बघावे. को ८६०३२ हा वाण, ज्याला आपण 'नीरा' म्हणतो, आणि को एम ०२६५, म्हणजे 'फुले २६५', हे दोन्ही महाराष्ट्राच्या शेतकऱ्यापर्यंत पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने पोचवले. हे केंद्र १९३२ सालचे. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली चालते, आणि हे विद्यापीठ सरकारी अनुदानावर चालते. एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे जातात. तेवढा काळ कोणी तरी शास्त्रज्ञाचा पगार भरत राहावे लागते. तेव्हा विद्यापीठाला दिलेला पैसा फक्त शहरात जातो असे समजू नये. त्याचा हिस्सा आपल्या सरीत उगवतो.

उसाने शिक्षणाला थेट हातभार लावल्याचे उदाहरणही आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. पहिल्या टप्प्यात ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे ठरली, एक मुलांचे आणि एक मुलींचे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यावेत आणि शासनाने तितकीच भर घालावी, असेही ठरले. आपला ऊस तोडायला जे बिऱ्हाड फडात उतरते, त्याच्या पोराची शाळा सुटू नये म्हणून हा पैसा आहे. टोळीच्या मुकादमाला आणि मजुरांना या सोयीची माहिती सभासदानेच द्यावी.

आज काय मिळू शकते

सगळ्या योजनांची यादी इथे मावणार नाही. आपल्या सभासदांना उपयोगी पडतील अशा ठळक तेवढ्या सांगतो.

पहिली, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. जुन्या ई.बी.सी.चेच हे आजचे रूप. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला मुलांना शिक्षण शुल्काची ५० टक्के सवलत मिळते.

दुसरी, मुलींची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झाले. पण एक अट नीट वाचा. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला किंवा खाजगी व अभिमत विद्यापीठातल्या जागेला ही माफी नाही. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्या एजंटामागे गेलात, तर सीट मिळेल आणि माफी जाईल.

तिसरी, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. या नावावरून आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. सोसायटीत 'पंजाबराव' म्हटले की सभासदाला पीककर्जाची व्याज सवलत आठवते. ती योजना वेगळी आणि ही वेगळी. ही अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहात राहून शिकता यावे म्हणून आहे. ज्याची जमीन पाच एकरांच्या आत, त्याने अल्पभूधारकाचा दाखला काढून ठेवावा. आपल्या तालुक्यात असे सभासद ढिगाने आहेत, पण हा दाखला फक्त खताच्या किंवा विहिरीच्या अनुदानापुरताच काढायचा असतो अशी समजूत आहे.

चौथी, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिपची सोय आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचा पैसा मिळू शकतो. इतर प्रवर्गांसाठीही अशाच योजना आहेत. महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर चौकशी करावी.

अडचण कुठे आहे

योजना कागदावर पुष्कळ आहेत. गाडी अडते ती वेळेवर.

कॉलेजला फी प्रवेशाच्या दिवशी हवी असते. शिष्यवृत्ती मात्र महाडीबीटीवर अर्ज, मग कॉलेजची तपासणी, मग खात्याची मंजुरी, मग ट्रेझरी, अशी पायऱ्या उतरत येते. तीही हप्त्याने. कधी कधी वर्ष संपून पुढचे लागते तरी आदल्या वर्षाचा हप्ता जमा झालेला नसतो. मधल्या काळात बाप काय करतो? ज्याच्याकडे आहे तो भरतो. ज्याच्याकडे नाही तो व्याजाने काढतो. म्हणजे गरिबासाठी काढलेल्या योजनेचे व्याज गरिबानेच भरायचे!

मागे आमच्या गटातल्या तीन एकरवाल्या एका सभासदाच्या मुलीला सरकारी यादीतून अभियांत्रिकीला जागा मिळाली. ती माफीला पात्र होती. तरीही "आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ," असे त्यांना कॉलेजच्या खिडकीवर सांगितले गेले. पात्र मुलींकडून प्रवेशावेळी असे शुल्क घेऊ नये अशी शासनाची सूचना आहे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते. तो बैल विकायला निघाला होता. आम्ही शासन निर्णयाची प्रत त्याच्या हातात दिली, अर्ज लेखी द्यायला लावला आणि पोच मागायला सांगितली. लेखी अर्ज पाहिल्यावर खिडकीचा सूर बदलला. बैल दावणीला राहिला. पण ज्याच्या हातात प्रत नव्हती असे किती जण त्या रांगेत असतील?

आता उसाची गोष्ट बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल दिले पाहिजे. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हा नियम रोजच्या व्यवहारात किती पाळला जातो यावर वाद घाला, पण नियम आहे. त्यामुळे शेतकरी मान वर करून विचारू शकतो. साखर आयुक्तांकडे जाऊ शकतो, कोर्टात जाऊ शकतो. शिष्यवृत्तीच्या पैशाला असा कायद्याचा खुंटा नाही. अर्ज उशिरा भरला तर विद्यार्थी बाद होतो. पैसा उशिरा आला तर कोणीच बाद होत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की ही मुदत दोन्हीकडून असावी. अर्ज मंजूर झाल्यावर ठरलेल्या दिवसांत रक्कम जमा व्हावी आणि न झाल्यास व्याजासह मिळावी. सहकारात वाढलेल्या माणसाला ही मागणी अवघड वाटू नये.

फी माफ झाली, तरी पोरगी का थांबते?

फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झाले असे नाही. खोली आणि खाणावळ मिळून महिन्याला ५,००० रुपये धरले, तरी दहा महिन्यांचे ५०,००० होतात. खर्च वजा जाता टनाला ३,००० रुपये हातात पडले असे धरले, तर हा जवळजवळ १७ टन ऊस झाला. ज्याचा ऊसच अर्ध्या एकराचा, त्याचा अर्ध्याहून अधिक ऊस इथेच संपतो. मग घरात बोलणे सुरू होते, "पोराला पाठवू, पोरीचं बघू पुढं."

२०१५ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात एका शिकणाऱ्या लेकीचा एसटीच्या पासाच्या पैशापायी जीव गेला, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचले. रक्कम काही शेंचीच होती. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना पासाची सवलत जाहीर झाली. सवलत आली ती जीव गेल्यावर. शिक्षणाच्या मदतीत वेळ म्हणजे काय, हे त्याहून स्पष्ट करून कोणी सांगू शकणार नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके पाण्यात गेली. अशा साली घरातला पहिला कापला जाणारा खर्च मुलीच्या शिक्षणाचा असतो. तसे करू नका. आणि ज्या घरात असा विचार चालू असेल तिथे शेजाऱ्याने, भावकीने आधी बोलावे. पासाचे पैसे नाहीत हे पोरगी तोंडाने सांगत नाही; ते विचारून घ्यावे लागते.

कागदांची लागण वेळेवर करा

ऊस कधी लावायचा ते आपण कॅलेंडर बघून ठरवतो. कागदांचेही तसेच आहे. आडसाली लागणीच्या धांदलीत, जुलै-ऑगस्टमध्ये, तहसीलच्या सेतूवर रांग लावून काही साधत नाही. तेव्हा असे करा:

अकरावीतच जात पडताळणीचा अर्ज द्या. बारावी होईपर्यंत थांबू नका.

एप्रिल लागला की उत्पन्नाचा दाखला नवा काढा. तो ३१ मार्चनंतर जुना होतो, हे पुष्कळांना प्रवेशाच्या दिवशी कळते.

अधिवास, प्रवर्गाप्रमाणे लागणारे दाखले, अल्पभूधारकाचा दाखला, रेशनकार्ड आणि गुणपत्रके एका पिशवीत ठेवा. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स करून ठेवा.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, ते बँकेत जाऊन खात्री करा. पैसा थेट त्या खात्यावर येतो. खाते बंद पडले असेल तर मंजूर रक्कमही लटकते.

महाडीबीटीचा अर्ज दर वर्षी नव्याने पुढे चालू करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे चार वर्षांची बेगमी झाली असे नाही. उसाची नोंद कशी दर हंगामाला करावी लागते, तसे.

अर्जाची पोच आणि फीची पावती जपून ठेवा. तोंडी बोलण्याला साक्षीदार नसतो.

आपण मागायचे काय

आपण कारखान्याचे मालक-सभासद आहोत. वार्षिक सभेत उठून ताळेबंदावर प्रश्न विचारतो. विद्यापीठालाही अशीच एक सभा असते, अधिसभा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे नोंदणीकृत पदवीधर त्यावर आपले १० प्रतिनिधी निवडून देतात. आपल्या घरात पदवीधर झालेले मुलगे, सुना, लेकी आहेत. त्यांनी पदवीधर म्हणून नाव नोंदवले का? बहुतेकांनी नाही. मत नसलेल्याचा प्रश्न सभेत कोण मांडणार? नांदेडच्या विद्यापीठात किती पदे रिकामी, वसतिगृहात किती खाटा, अहमदपूरच्या मुलीला खोली मिळते की नाही, हे विचारायला आपला माणूस आत पाहिजे.

आणि मते मागायला येणाऱ्या पुढाऱ्यांना रस्ता, वीज, पाणी यांच्या जोडीला एक प्रश्न विचारत जा: "आमच्या लेकराची शिष्यवृत्ती किती दिवसांत जमा करणार, तो आकडा सांगा." योजनेचे नाव नको, दिवसांचा आकडा हवा.

शासनाकडून येणारी ही मदत कुणाची मेहेरबानी नाही. डिझेल भरताना, खत घेताना, साखर विकताना आपण कर भरतो. त्याच पैशाचे पाणी चारीने परत आपल्या शेतात यायचे आहे. ते अडले तर चारी साफ करायला फावडे घेऊन आपणच जायचे असते.

गट ऑफिसात ऊस नोंदीला याल तेव्हा कागदांची पिशवी बरोबर आणा. अर्ज भरता येत नसेल तर आमचे शेती मदतनीस सांगतील, आणि गावातली कॉलेजात जाणारी पोरे हाताशी घेऊन बसवून देतील. उसाचे बेणे जसे आपण एकमेकांना देतो, तशी ही माहितीही शेजारच्या घरी पोचवा. ज्याच्या घरी यंदा बारावीचा निकाल आहे, त्याच्या ओसरीवर आधी जा.